सूर्य बंद करायचं बटण

एकशे ऐंशी एमबीचं घर
जालन्यात उतरायला सात मिनिटं घेतं.
मी घड्याळ लावून मोजलं, मोंढ्यामागच्या ऑफिसात,
आधी वायफायवर, मग लाईट गेल्यावर फोनच्या डेटावर.
"तेवढ्यात माणूस प्लॉटवर चालत जाऊन येईल,"
मोईन म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.

मंत्री मॅडमना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं, कुठलं घ्यायचं.
गिऱ्हाइकानं लिंक दाबावी आणि घरात शिरावं,
काही इन्स्टॉल न करता,
चप्पल न काढता.

एक आहे, ते लांबच्या कुठल्या यंत्रावर घर रंगवतं
आणि आपल्याकडं नुसती चित्रं सोडत राहतं.
मिनिटावर पैसे, तेही डॉलरमध्ये.
कुणी जिन्यात थांबून बायकोशी वाद घालत बसला
तरी मीटर चालू.

दुसऱ्याचा उजेड बघून मी गप्पच झाले.
भिंतीवरून भिंतीवर उसना जाणारा उजेड,
फरशीत खिडकी, खिडकीत निळं पाणी.
नमुन्याच्या घराला त्यांनी पोहायचा तलाव दिलाय.
आमच्याकडं नळ नवव्या दिवशी येतो.

तिसरं फुकट. म्हणजे
पैसे लागत नाहीत, रात्री लागतात.
पायरीवर पाय टेकतो, हेसुद्धा आपणच लिहायचं,
नाहीतर माणूस जिन्यातून आरपार जातो
आणि स्लॅबखालच्या राखाडीत
पडत राहतो, पडत राहतो.
मी पडलेय. दोन रात्री.

बुधवारी रोहिदास डोईफोडे आले, रोलिंग मिलमधून थेट,
भुवया भुरकट जळलेल्या, हातावर ठिणग्यांचे तीळ.
त्यांच्याच तडकलेल्या फोनवर मी भारीतलं उघडून दिलं.
अर्ध्यात त्यांनी फोन टेबलावर ठेवला.
"तापला की हो ह्यो."
बावीस वर्षं लाल सळईसमोर उभा राहिलेला माणूस.

मग तिसरं दिलं. अकरा सेकंदांत दार.
त्यात सूर्य मी सकाळी दहावर ठोकून ठेवलेला,
सगळं घर कायम नाश्त्याच्या वेळेतलं.
ते अंगठ्यानं चालले, सोफ्यावर आदळले,
टीव्हीची भिंत, जी काढायला मला चार दिवस लागले,
न बघता ओलांडून
झोपायच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"ताई, सूर्य बंद करता येतो का?"

मला वाटलं, चुकून बोलले.

"रात्रपाळी हाय. दिवसा झोपतो, डोळ्यावर पंचा बांधून.
दुपारी दोनला ह्या खोलीत
अंधार किती पडंल, तेवढं दाखवा.
बाकी घर चांगलंच असंल."

तक्ता पुन्हा काढला. सोळा रकाने.
सावल्या, चकाकी, वाऱ्यावर हलणारं गवत.
अंधार एकाही रकान्यात नाही.

त्या रात्री बसले. अक्षांश घातला, तारीख घातली,
मे महिन्यातला सूर्य जालन्यावरून फिरवला.
खोली वास्तूवाल्यानं नैर्ऋत्येला बसवलेली,
दोन वाजता नुसता तवा.
खिडकी तिथून उचलून डक्टकडं वळवली,
पश्चिमेच्या भिंतीला कपाटं टेकवली,
आणि खोली हळूहळू विझत गेली.
प्रकाश करायला एवढी मजा कधी आली नव्हती.

लिंक पाठवली दीडला.

माझ्या घरात कोण कुठं उभं आहे ते मला दिसतं,
एक हिरवा ठिपका. हे बरं की वाईट,
अजून ठरवलं नाही.
तीन वाजून अकरा मिनिटांनी ठिपका दारात आला.
मिलमध्ये जेवणाची सुट्टी असेल.
हॉल, पॅसेज, खोली.
त्यानं दुपारचे दोन लावले,
आणि मग बराच वेळ हललाच नाही.

नऊ मिनिटं.
मीही इकडं खुर्ची वाजू दिली नाही.

मग ठिपका वळला, जिना चढला
(पायऱ्या टिकल्या),
गच्चीवर चारी कोपऱ्यांत फिरला, पुन्हा फिरला,
पाण्याची टाकी शोधत.
ती काढायची राहिली होती.